चौथी डिस्क फेकू नका

वाचकांचे प्रश्न : संगणक

या वेळच्या पत्रांत जुन्या सर्व्हरबद्दलची तीन पत्रं आहेत. पहिल्याचं उत्तर लांब झालं आहे. त्या डिस्कवर वाचण्यासारखं बरंच शिल्लक आहे आणि एका चुकीच्या आज्ञेने ते सगळं जाऊ शकतं, म्हणून.

प्रश्न : ताई, सांगलीत आमचा छापखाना आहे. बाबा दरवर्षी एका दिवाळी अंकाचं काम करायचे. २००६ मध्ये डीटीपीच्या खोलीत लिनक्सचा एक फाइल सर्व्हर बसवला होता. त्यात २५० जीबीच्या चार साटा डिस्क, रेड ५ मध्ये, म्हणजे चारही मिळून एकच मोठी डिस्क असावी तशी मांडणी (तिलाच अ‍ॅरे म्हणतात). ऑगस्ट २०१३ मध्ये तो अचानक बंद पडला, नवीन मशीन आलं आणि जुनं माळ्यावर गेलं. आता अंकाच्या विशेष संग्रहासाठी २००६ ते २०१० चे अंक हवे आहेत : मजकूर, मुखपृष्ठं, व्यंगचित्रांचे स्कॅन. सर्व्हर चालू केला की 'दोनच डिस्क मिळाल्या, अ‍ॅरे सुरू करायला पुरेशा नाहीत' अशा अर्थाचा संदेश येतो. पुण्यात आयटीत असलेल्या मावसभावाने प्रत्येक डिस्कवरची 'इव्हेंट' संख्या काढून दिली. पहिली आणि दुसरी ४,८१,२०६. तिसरी ४,८१,१९८. चौथी २,०३,५७७, आणि तिच्यावरची शेवटची तारीख मार्च २०११. तो म्हणतो, चारही डिस्क फिरतायत, तर त्याच क्रमाने नवीन अ‍ॅरे तयार करू, जुना डेटा आपोआप दिसेल. करू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नको. भावाला आजच फोन करून थांबवा. पण त्याने काढून दिलेले चार आकडे जपून ठेवा. तुमच्या सर्व्हरची सगळी हकिगत त्यांत आहे.

लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड प्रत्येक डिस्कवर एक छोटी नोंद ठेवतं. अ‍ॅरे सुरू झाला, थांबला, एखादी डिस्क गळाली, की त्या नोंदीतला इव्हेंटचा आकडा पुढे सरकतो. जी डिस्क गळाली तिचा आकडा तिथेच थांबतो. चौथी मार्च २०११ ला गळाली. रेड ५ एका डिस्कविना चालतं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. अंक निघत राहिले, फाइली सेव्ह होत राहिल्या. मग ऑगस्ट २०१३ मध्ये तिसरी अडखळली, बहुधा काही सेक्टर (डिस्कवरचे सर्वात छोटे भाग) वाचता न आल्यामुळे, आणि त्या क्षणी अ‍ॅरे कोसळला. तिचा आकडा इतरांपेक्षा फक्त आठने मागे आहे. म्हणजे ती जवळजवळ शेवटपर्यंत सोबत होती. भावाला चौथ्या डिस्कवरची नोंद पुन्हा नीट वाचायला सांगा. तिच्यात इतर तिन्ही डिस्क हजर आणि सक्रिय लिहिलेल्या दिसतील, आणि ती स्वतःही. आपल्याला बाहेर काढलंय हे तिच्यावर लिहिणारं कुणी उरलंच नव्हतं. पहिल्या दोघींच्या नोंदीत मात्र तिची जागा रिकामी दिसेल. चारही नोंदींचे फोटो काढून ठेवा.

आता नवीन अ‍ॅरे का नको ते सांगते. तुमच्या काळात ही नोंद विभागाच्या (पार्टिशनच्या) शेवटी असायची आणि डेटाचे तुकडे साधारणपणे ६४ केबीचे असायचे. आजचं एमडीएडीएम (लिनक्सचं रेड सांभाळणारं साधन) काही न सांगता अ‍ॅरे तयार करायला लावलं, तर तुकडा ५१२ केबीचा धरतं आणि नोंद सुरुवातीपासून ४ केबीवर लिहितं. तुमची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) ईएक्सटी३ असेल, तर तिचा गटांचा तक्ता, म्हणजे फाइलींची माहिती कुठे आहे ते सांगणारी यादी, बहुतेक वेळा नेमका त्याच ४ केबीपासून सुरू होतो. पहिल्या डिस्कवर त्या तक्त्यावरच घाव बसेल. त्याहून वाईट पुढे आहे. रेड ५ नव्याने तयार करताना एमडीएडीएम शेवटची डिस्क रिकामी धरतं आणि बाकीच्या तिघींवरून तिच्यावर जवळजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहीत सुटतं. क्रम चुकलेला असो, तुकड्याचा आकार चुकलेला असो, ते लिहितच जातं. पडद्यावर टक्केवारी वाढताना दिसते, माणसाला वाटतं काम चाललंय, आणि एक डिस्क कायमची जाते. असे अ‍ॅरे माझ्याकडे येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण आदल्या दिवशी तो डेटा शाबूत होता.

रेड ५ चा हिशेब एकदा समजून घेतलात तर पुढचं सोपं जाईल. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी रेडच्या पातळ्या मांडल्या, तेव्हापासून तो तसाच आहे. चार डिस्कवरच्या एका ओळीत तीन तुकडे डेटाचे आणि एक पॅरिटीचा. समजा तीन तुकड्यांत ०११०, ००११ आणि ११०० आहे. प्रत्येक रकान्यात एकांची संख्या सम राहील असा चौथा आकडा काढायचा : १००१. आता ००११ असलेली डिस्क गेली, तर उरलेल्या तिघांवरून रकाने सम करत गेलं की ००११ परत मिळतो. कुठलीही एक गेली तरी चालतं, दोन गेल्या तर नाही. आणि चारांपैकी एक आकडा जुना असला तर उत्तर येतं, पण चुकीचं. संगणक त्याबद्दल तक्रारही करत नाही. चौथी डिस्क तिसरीच्या जागी घेतलीत, तर २०११ आणि २०१३ यांची सरमिसळ हाती येईल. फाइलींची नावं दिसतील, आत भलतंच असेल.

म्हणून क्रम असा. सर्व्हर बंद करा. डिस्क काढण्यापूर्वी प्रत्येकीवर कागदी पट्टी चिकटवा आणि तिच्यावर कप्प्याचा क्रमांक लिहा, डिस्कचा सिरियल नंबरही लिहा. लिनक्स डिस्कना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं केबल बदलली की बदलतात. सिरियल नंबर बदलत नाही. २ टीबीची एक नवीन डिस्क आणा. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने एकेका डिस्कची, फक्त विभागाची नव्हे तर अख्ख्या डिस्कची, प्रतिमा, म्हणजे सेक्टरन् सेक्टर नक्कल, त्या नव्या डिस्कवर उतरवा. हे विंडोजच्या मशीनवर करू नका. विंडोजला लिनक्सची डिस्क ओळखता येत नाही, ते कधी 'इनिशियलाइझ करू का' (नव्या डिस्कसारखी कोरी तयार करू का) विचारतं, आणि घाईत 'हो' दाबलं जातं.

सुरुवात पहिल्या किंवा दुसऱ्या डिस्कने करा, म्हणजे हात बसेल. थेट साटाला जोडली तर २५० जीबीची धडधाकट डिस्क दीड-दोन तासांत उतरते. मग तिसरी घ्या. डीडीरेस्क्यूचा मोठा गुण हा की कुठे काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद ते एका वेगळ्या फाइलीत ठेवतं. ती फाइल दिल्याशिवाय ते चालवूच नका. पहिल्या फेरीत सोपं तेवढं उचलायला सांगा आणि अडलेल्या जागा सोडून द्यायला. बहुतेक सगळी डिस्क सुखरूप बाहेर आल्यावरच त्या अडलेल्या सेक्टरांशी झटापट. खराब जागेवर सुरुवातीलाच हेड (डिस्क वाचणारं टोक) घासत बसलं तर चांगला भागही हातचा जातो. काम चालू असताना कान डिस्ककडे असू द्या. एकसुरी टक-टक, टक-टक असा आवाज आला की ताबडतोब बंद करा. मग ते काम घरचं राहिलं नाही, स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेचं झालं. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी देईलच. तो ऐकू नका. आत दव धरतं.

आणि चौथीचीही प्रतिमा घ्या. बरेच जण म्हणतील, ती दोन वर्षं मागे आहे, टाकून द्या. मी म्हणते, तुमच्या कामासाठी ती सोन्यासारखी आहे. का ते पुढे सांगते.

चार प्रतिमा झाल्या की मूळ डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवा. पुढचं सगळं प्रतिमांवर. प्रतिमांवर थेट लिहू देऊ नका. लिनक्सच्या डिव्हाइस मॅपरमध्ये स्नॅपशॉटची सोय आहे, तिने लिहिलं जाणारं सगळं वेगळ्या फाइलीत जातं, प्रतिमा जशीच्या तशी राहते. भावाला हे जमेल. मग पहिली, दुसरी आणि तिसरी एवढ्याच तीन प्रतिमा देऊन असलेला अ‍ॅरे 'असेम्बल' करायचा, 'फोर्स' लावून. 'क्रिएट' नाही, 'असेम्बल'. तिसरीचा आठने मागे असलेला आकडा फोर्समुळे पुढे आणला जातो आणि अ‍ॅरे तीन डिस्कवर उभा राहतो. फाइल सिस्टिम फक्त वाचण्यासाठी जोडा, जर्नलला (अर्धवट बदलांच्या नोंदवहीला) हात न लावता.

उघडली? मग लगेच आनंद नको. ६४ केबीपेक्षा लहान फाइल बऱ्याचदा एकाच तुकड्यात मावते, त्यामुळे क्रम चुकला असला तरी ती बिनबोभाट उघडते. पाच-दहा एमबीचं मुखपृष्ठाचं टिफ उघडा. चित्र वरपासून खालपर्यंत सलग दिसलं तर क्रम बरोबर. आडवे पट्टे सरकलेले दिसले तर नाही.

आता चौथी. तिसरीवरचे काही सेक्टर कधीच वाचता येणार नाहीत असं धरा. प्रतिमेत तिथे शून्यं असतील. ते एखाद्या व्यंगचित्राच्या मधोमध आले तर? तुमच्या २००८ च्या अंकाच्या फाइली मार्च २०११ नंतर कुणी बदलल्या नसतील, तर डिस्कच्या त्या ओळीवर चौथी डिस्क अजूनही खरी आहे. तिथे पहिली, दुसरी आणि चौथी यांच्यावरून तिसरीवरचा हरवलेला सेक्टर काढता येतो. ओळ बदललेली नाही हेही तपासता येतं. त्या खड्ड्याच्या आजूबाजूचे, तिसरीवर वाचता आलेले सेक्टर घ्यायचे आणि चारही डिस्कवरचे आकडे त्या जागी रकान्यांत मांडायचे. सगळीकडे एकांची संख्या सम आली तर ओळ २०११ पासून तशीच आहे. विषम आली तर चौथीचं तिथे ऐकायचं नाही. हे काम तेवढ्याच सेक्टरांपुरतं आणि प्रतिमेच्या आणखी एका प्रतीवर करायचं. वेळ जातो, पण तुम्हाला हवे असलेले सगळे अंक २०११ च्या आधीचे आहेत आणि ते मिळायची शक्यता त्यामुळे खूप वाढते. तुमच्या जागी मी असते तर याच आशेने काम सुरू केलं असतं.

एक शेवटचं. फाइली मिळाल्यावर मजकुरात 'दिवाळी' शोधाल आणि काहीच सापडणार नाही. घाबरू नका, डेटा बिघडलेला नाही. त्या काळी तुमच्याकडे श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकच्या सुरेखसारख्या फॉन्टांत टायपिंग होत असणार. त्यांत अक्षरं युनिकोडमध्ये साठत नसत, रोमन लिपीतल्या चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ते अगम्य दिसतं. पेजमेकरच्या फाइलींसोबत त्या वेळचा फॉन्टांचा फोल्डरही याच सर्व्हरवर आहे का पाहा आणि तो आधी वाचवा. डीटीपीवाल्या जुन्या माणसाला बोलवा. कोणता फॉन्ट कोणत्या अंकाला वापरला हे त्यांना आठवत असेल.

प्रश्न : आमची जुन्नर तालुक्यात पतसंस्था आहे. २००४ चा सर्व्हर, विंडोज सर्व्हर २००३, स्कझी या जुन्या जोडणीच्या ३६ जीबीच्या पाच डिस्क, रेडचं वेगळं कार्ड. मदरबोर्ड जळाला. डिस्क ठीक असाव्यात. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधली २०१० पूर्वीची सभासद खतावणी एका जुन्या वादासाठी हवी आहे. डिस्क दुसऱ्या कुठल्याही कार्डाला लावल्या तर चालेल का?
— सचिव, एक पतसंस्था

उत्तर : कुठल्याही नाही. पण जोडणीची माहिती बहुतेक कार्डं स्वतःसोबत डिस्कवरही लिहून ठेवतात, म्हणून त्याच घराण्यातलं कार्ड मिळालं तर ते 'परकी मांडणी सापडली' असं सांगून ती घ्यायची की पुसायची असं विचारतं. घ्यायची, म्हणजे 'इम्पोर्ट'. 'क्लिअर' नाही, आणि 'इनिशियलाइझ' तर मुळीच नाही. कार्डावर बॅटरीवाली मेमरी होती का तेही पाहा. वीज जाताना तिथे अडकलेलं लिखाण बॅटरी संपल्यावर गेलं. पण तुम्हाला हवी ती खतावणी कितीतरी आधीची आहे, तिला त्याचा धक्का लागू नये.

तरीही माझा आग्रह आहे की आधी प्रतिमा. रेडचं कार्ड सुट्या डिस्क दाखवत नाही, त्यासाठी साधं स्कझी कार्ड हवं. तुमच्या डिस्क ८० पिनांच्या असतील तर ६८ पिनांचं अडॅप्टर आणि टर्मिनेटर असलेली केबल लागेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुन्या सामानाच्या दुकानांत विचारा.

कार्ड मिळालंच नाही तरी प्रतिमांवरून अ‍ॅरे बांधता येतो. पाच डिस्कचे १२० क्रम होतात, पण अंदाजाने शोधत बसावं लागत नाही. पहिल्या डिस्कवर सुरुवातीच्या सेक्टरच्या शेवटी ५५ एए ही खूण असते. (कार्डाने आपली माहिती सुरुवातीला लिहिली असेल तर थोडी पुढे.) ती दोन डिस्कवर दिसली तर गोंधळू नका. इतर डिस्कवर त्या जागी शून्यं असतील, तर पॅरिटीचा तुकडा पहिल्याची हुबेहूब नक्कल होतो. मग एनटीएफएसचा (विंडोजच्या फाइल सिस्टिमचा) मुख्य तक्ता शोधायचा. त्यातली प्रत्येक नोंद १ केबीची असते आणि विंडोज सर्व्हर २००३ मध्ये प्रत्येक नोंदीत तिचा क्रमांक लिहिलेला असतो. तुकडा ६४ केबीचा असेल तर एका डिस्कवर ६४ क्रमांक सलग दिसतात आणि पासष्टावा दुसऱ्या डिस्कवर सापडतो. कोणती डिस्क कोणानंतर, हे असं डोळ्यांनी वाचता येतं. अनोळखी सर्व्हरवर काम करताना मला सर्वात जास्त विश्वास याच क्रमांकांचा वाटतो.

खतावणीबद्दल निश्चिंत राहा. डीबीएफ फाइल (फॉक्सप्रो नोंदी ठेवतं ती) फार सोशिक असते. तिच्या माथ्यावर शेवटच्या बदलाची तारीख, एकूण नोंदींची संख्या आणि एका नोंदीची लांबी असते, आणि पुढे सगळ्या नोंदी सारख्याच लांबीच्या. मधला एखादा तुकडा गेला तरी पुढच्या नोंदी मोजून काढता येतात. सूचीच्या सीडीएक्स फाइली मिळाल्या नाहीत तरी त्या नव्याने बनतात. आणि तुमच्या वादासाठी महत्त्वाचं : फॉक्सप्रोमध्ये खोडलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. तिच्या आधी फक्त तारांकन पडतं, 'पॅक' करेपर्यंत ती फाइलीतच असते. त्यामुळे फाइल मिळाल्याबरोबर कुणालाही ती फॉक्सप्रोत उघडून नीटनेटकी करू देऊ नका. एक प्रत बाजूला ठेवा, मग दुसरीवरून तेरीज काढून त्या वर्षाच्या छापील ताळेबंदाशी ताडून पाहा. डिस्क बाहेर कुणाकडे दिल्या तर गोपनीयतेचा करार लेखी घ्या. सभासदांच्या ठेवी, कर्जं, पत्ते, सगळं त्या खतावणीत आहे.

प्रश्न : जुलै २०२१ च्या महापुरात आमच्या दुकानातला सर्व्हर पाण्याखाली गेला. दोन डिस्क होत्या, एकीवर दुसरीची नक्कल. तेव्हा धुऊन उन्हात वाळवल्या आणि ठेवून दिल्या. आता चालू करून पाहू का?
— एक दुकानदार, चिपळूण

उत्तर : चालू करू नका. एकदाही नाही. डिस्कच्या झाकणावर हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, त्यातून वाशिष्ठीचं गढूळ पाणी आत गेलेलं असणार. पाणी वाळलं, गाळ तबकडीवर राहिला. तबकडी फिरताना हेड तिच्यापासून मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शांत मोजावं लागेल एवढ्या अंतरावर असतं. गाळाचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा. चालू केलीत तर पहिल्याच फेऱ्यांत थर खरवडला जाईल.

खरं तर भिजलेली डिस्क वाळवायची नसते. ओली असतानाच हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत न्यायची असते, म्हणजे गाळ चिकटून बसत नाही. पुढच्या पावसाळ्यासाठी शेजाऱ्यांनाही हे सांगून ठेवा. तुमच्या डिस्क वाळल्या असल्या तरी तबकड्या काढून स्वच्छ करता येतात. तुमची जमेची बाजू ही की दोन्हीवर तोच डेटा होता. एकीचा जो भाग वाचता येणार नाही तो दुसरीवर मिळू शकतो. म्हणून दोन्ही डिस्क एकाच प्रयोगशाळेला द्या आणि त्या एकमेकींच्या नकला आहेत हे पावतीवर लिहून घ्या. झाकणाचे स्क्रू घरी उघडू नका आणि खालच्या बाजूची हिरवी सर्किट पट्टी दुसऱ्या डिस्कची लावून पाहू नका. बऱ्याच मॉडेलांत त्या पट्टीवर त्याच डिस्कपुरती माहिती साठवलेली असते. मूळ पट्टी गंजलेली असली तरी सोबतच पाठवा.